खाटीकबाई आणि कोल्ड स्टोरेजमधला माणूस

माझी आत्या खाटकाची मुलगी होती, आणि हे ती स्वतःच सांगून टाकायची, समोरच्याच्या मनात शंका यायच्या आत. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवणारी बाई खाटकाच्या घरातली आहे हे कळलं की लोकांच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं, ते बघायला तिला फार आवडायचं. "बघ हं, आता हा माझ्या हातांकडे बघणार," असं ती माझ्या कानात पुटपुटायची, आणि तो गृहस्थ खरंच बघायचा.

मी तिच्या भावाची मुलगी. आजोबांचं दुकान बाबांकडे आलं आणि बाबांकडून माझ्याकडे. तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनीच सुरी धरली, आत्यानेसुद्धा. फक्त तिची सुरी नखाएवढी होती आणि ती कापायची ते तुकडे कोणाच्या घरी शिजत नसत.

कॉलेजात ती नवीन होती तेव्हा कोणीतरी तिच्या प्रयोगशाळेच्या दारावर खडूने लिहिलं, 'खाटीकबाई'. शिपाई ओलं फडकं घेऊन धावत आला. आत्याने त्याला थांबवलं. दुसऱ्या दिवशी तिने रंगारी बोलावला आणि दारावरच्या पाटीवर, स्वतःच्या नावाखाली आणि सगळ्या पदव्यांच्या खाली, तोच शब्द नीट वळणदार अक्षरात रंगवून घेतला. प्राचार्यांनी बोलावून विचारलं की हा काय तमाशा आहे. ती म्हणाली, "चुकीचं असेल तर पुसा, सर. बरोबर असेल तर राहू द्या." पाटी राहिली. पुढे तिला सगळं कॉलेज खाटीकबाई म्हणू लागलं, पण चिडवण्यातली मजा गेली ती गेलीच.

तिचं संशोधन आमच्या दुकानातूनच सुरू झालं होतं. जनावर कापलं की मांस आधी घट्ट होतं, ताठरतं. थंडीत काही दिवस टांगून ठेवलं की हळूहळू मऊ पडतं. हे कुठलाही खाटीक सांगेल. लहानपणी आत्याने आजोबांना विचारलं होतं की आत नेमकं काय होतं. आजोबा म्हणाले, "होतं काहीतरी. तू पाट पूस." तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिने शिकून शोधून काढलं.

मला तिने सांगितलं ते असं. स्नायूमध्ये प्रथिनांचे लांब लांब धागे असतात. जिवंतपणी त्यांची मोडतोड आणि दुरुस्ती एकदमच चाललेली असते. माणूस मेला की दुरुस्ती थांबते, मोडतोड करणाऱ्या कात्र्या मात्र चालूच राहतात. काही धागे लवकर तुटतात, काही उशिरा, आणि काही फार दिवस टिकतात. स्नायूचा इवलासा तुकडा विरघळवून एका लिबलिबीत पातळ वडीतून विजेच्या जोरावर सरकवला की हे धागे आपापल्या लांबीप्रमाणे वेगळे होतात आणि पट्टे दिसतात. कुठला पट्टा फिका झाला, कुठला गायब झाला, खाली कुठले नवे बारीक पट्टे आले, यावरून मरून किती वेळ झाला याचा अंदाज बांधता येतो. मात्र तो मुडदा किती गरम किंवा गार जागी होता हे ठाऊक हवं, कारण थंडीत कात्र्या सावकाश चालतात.

"मग थर्मामीटर लावला तर नाही चालत?" मी विचारलं होतं.

"चालतो. अंग खोलीइतकं गार होईपर्यंत. त्याच्यानंतर थर्मामीटर मुका. माझं काम तिथे सुरू होतं."

शवागारातल्या कर्मचाऱ्याशी तिची व्यवस्था ठरलेली होती. रीतसर परवानगीने, येणाऱ्या प्रत्येक मुडद्याच्या मांडीतला बोराएवढा तुकडा तिच्यासाठी काढून लगेच गोठवला जायचा. ज्यांची मृत्यूची वेळ पक्की ठाऊक होती त्यांच्यावरून ती आपला अंदाज तपासायची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मग तो कोल्ड स्टोरेजमधला माणूस आला.

तो फळांच्या गोदामात हमाल होता. उंच, हडकुळा. सोबती त्याला शिडी म्हणायचे, कारण वरच्या फळीवरचा खोका तो टाचाही न उचलता काढायचा. शनिवार-रविवार गोदाम बंद होतं. सोमवारी सकाळी माल काढायला दार उघडलं तर शिडी आत मरून पडलेला.

कंपनीने त्याच दिवशी सांगून टाकलं की तो चोरी करायला आला होता. रविवारी सकाळी त्याला भिंतीवरून आत उडी टाकताना बघितलं असं पहारेकऱ्याने पोलिसांना लिहून दिलं. दार मागून लागलं, आत अडकला, गारठून मेला. करावं तसं भरावं. शिडीची बायको मात्र सांगत होती की तो शुक्रवारी कामावरून घरी आलाच नाही. शनिवारी ती फाटकावर जाऊन आली होती, तिथे तिला "कालच गेला" म्हणून परत पाठवलं. पोलिसांनी म्हटलं, "येईल हो, पुरुषमाणूस आहे." शुक्रवारी कामाच्या वेळेत आत माणूस आहे की नाही हे न बघताच दार लावलं गेलं असेल, तर तो चोर नव्हता, आणि मग चोर कोण हा प्रश्न दुसऱ्याच दाराशी जाऊन उभा राहत होता.

शवविच्छेदन करणारे मोठे डॉक्टर होते. मूर्ख नव्हते, उलट चांगले अनुभवी होते. पण त्यांच्यापुढे पोलिसांच्या कागदावर रविवार आयता लिहून आला होता. अंग अजून ताठ होतं, कुजण्याची खूण नव्हती. त्यांनीही रविवारच लिहिला. एवढ्या थंडीत अंग दिवसचे दिवस ताठ राहू शकतं आणि कुजत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आयत्या बिळावर नागोबा व्हायला मात्र कोणाला फार कष्ट पडत नाहीत.

आत्याने आपल्या नेहमीच्या क्रमाने तो तुकडा वडीवर चढवला आणि पट्टे बघून चक्रावली. रविवारी मेलेल्या माणसाच्या, तेही इतक्या थंडीत मेलेल्या माणसाच्या, स्नायूत जो पट्टा ठसठशीत हवा तो विरून गेला होता आणि खाली तुटक्या धाग्यांचे पट्टे आले होते. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. मग ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

"रविवार जमत नाही, डॉक्टर. बराच आधी मेलाय."

"बाई, तुमचं संशोधन तुमच्यापाशी. दाखल्यावर सही माझी आहे."

"सही तुमची आहे. मांडी त्याची आहे."

"उगाच हात दाखवून अवलक्षण करू नका. कंपनीने आपल्याला नवी इमारत बांधून दिली आहे, विसरू नका."

"बरं झालं सांगितलंत," आत्या म्हणाली. "मला वाटत होतं तुमची नुसतीच चूक झाली."

तिथून ती थेट शिडीच्या बायकोला शोधत गेली. ती बाई एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. दुकान म्हणजे जिन्याखालचा खण. शिंपी मशीनवर, ती जमिनीवर, मध्ये शर्टांचा ढीग. आत्याला गोड बोलणं कधी जमलंच नाही. ती दारातूनच म्हणाली, "मी मेडिकल कॉलेजातली. तुझ्या नवऱ्याच्या मांडीचा तुकडा माझ्याजवळ आहे."

शिंप्याने मशीन थांबवलं. शिडीच्या बायकोने हातातलं बटण पुरतं टाचलं, दोरा दाताने तोडला आणि मग वर बघितलं.

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय की रविवार उजाडला तेव्हा तो मेलेलाच होता."

"ते मी शनिवारपासून सांगतेय," ती म्हणाली. "माझं कोणी ऐकलं नाही. तुमचं ऐकतील का?"

"नाही ऐकणार. पण मी गप्प बसणार नाही."

तेव्हा कुठे ती बाई रडली, असं आत्या सांगायची. रडता रडताच तिने पुढचा शर्ट ओढून घेतला. तिची मुलगी शाळेत जात होती आणि वर्गात तिला चोराची पोर म्हणत होते. "मला दुसरं काही नको," शिडीची बायको म्हणाली. "त्याच्या नावाला लागलेलं ते पुसून द्या."

हमालांची संघटना होती, तिचा वकील होता, आणि त्याने मृत्यूची चौकशी न्यायाधीशांपुढे लावून घेतली. तरुण, तडफदार गडी. त्याने आत्याचं ऐकलं आणि खूश होऊन वही मिटली. "झालं तर मग. तुम्ही सांगायचं की शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, पाळी सुटताना मेला."

"असं मी सांगणार नाही."

"का?"

"कारण मला ते दिसत नाही. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार दुपारपर्यंत, यामध्ये कधीतरी. याच्यापेक्षा बारीक मला सांगता येत नाही. अडकल्यावर किती वेळ तो जिवंत होता, गारठत गेला, हे सगळं त्यात आलं."

"बाई, तुम्ही आमच्या बाजूने आहात ना?"

"मी मांडीच्या बाजूने आहे."

वकिलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने शिडीच्या बायकोला सांगितलं की ही बाई आपला गळा कापेल, दुसरा साक्षीदार बघू. ती म्हणाली, "ह्या बाई माझ्याकडे आपल्या पायाने आल्या. दुसरं कोण आलंय? राहू द्या त्यांना."

एवढ्यात कॉलेजातून आत्याला पत्र आलं: चौकशीत संस्थेचं नाव वापरू नये. तिने उत्तर पाठवलं की हरकत नाही, मला दुसरं नाव आहे. चौकशीच्या पहिल्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं की आपण कोण, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "खाटीकबाई." हसण्याची खसखस पिकली. ती थांबल्यावर तिने आपलं शिक्षण आणि काम शांतपणे सांगितलं.

कंपनीचा वकील तयारीचा होता. त्याने तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं, मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "हे सगळं आपण कुठल्या खोलीत तपासलंत?"

"माझ्या प्रयोगशाळेत. आणि शवागारात."

"त्या कोल्ड स्टोरेजमध्ये? तिथल्या हवेत, तिथल्या थंडीत?"

"नाही."

"म्हणजे तिथे काय होतं हे आपल्याला ठाऊक नाही."

"अंदाज आहे. पण तुमचं बरोबर आहे, तिथे तपासलेलं नाही."

वकील हसून खाली बसणार तोच आत्या म्हणाली, "म्हणून ती खोली मला द्या."

कंपनीचा वकील पुन्हा उठला. आता हसत नव्हता. आत्याने न्यायाधीशांना सांगितलं की तिला डुकराचे मागचे पाय त्या खोलीत टांगायचे आहेत, ताजे, अंगातली ऊब जायच्या आत आणलेले. काही शुक्रवारी संध्याकाळी, काही रविवारी सकाळी. सगळ्यांतले तुकडे सोमवारी एकाच वेळी काढायचे. कुठला तुकडा कधीच्या पायाचा हे तिला कोणी सांगायचं नाही. तुकडे चौकशीच्या कारकुनाने खुणा घालून बंद करायचे, आणि त्यातच शिडीचा तुकडाही नुसती खूण घालून मिसळायचा. प्रत्येकातला अर्धा भाग कंपनी म्हणेल त्या तज्ज्ञाकडे जाऊ दे.

"डुक्कर म्हणजे माणूस नव्हे," कंपनीचा वकील म्हणाला.

"नव्हे," आत्या म्हणाली. "म्हणून डुकराकडून मी तास विचारणार नाही. त्या खोलीत कात्र्या किती चालतात एवढंच विचारणार. माणसांचं माझ्याकडे आहेच, वेळ ठाऊक असलेल्यांचं."

न्यायाधीश म्हातारे होते. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "कंपनीला लपवण्यासारखं काही नसेल तर कंपनीची हरकत नसावी." झालं.

त्या शुक्रवारी पाय घेऊन मीच गेले, बाबांनी निवडून दिलेले. गोदामाचा व्यवस्थापक फाटकातच उभा होता, त्याच्याजवळ कंपनीचे दोघे सुटाबुटातले. हमाल आपली कामं थांबवून भिंतीला टेकून बघत होते. आत्या दाराशी गेली आणि थांबली.

"आतून उघडायची कडी कुठे आहे?"

व्यवस्थापक म्हणाला, "दुरुस्तीला गेली आहे."

"केव्हापासून?"

मागून एक हमाल म्हणाला, "मी लागलो तेव्हापासून." व्यवस्थापकाने वळून बघितलं. बोलला कोण हे काही त्याला कळलं नाही. सगळ्यांचीच तोंडं मिटलेली होती. कारकुनाने ते कागदावर टिपलं. "आधी कडी बसवा," आत्या म्हणाली.

मग शिडीची बायको पुढे झाली. ती आमच्याबरोबर आली होती, अंगात नवऱ्याचा जुना कोट घालून. "कडी बसवायच्या आधी एकदा दार लावा," ती म्हणाली. "मला आत जायचंय."

"कशाला उगाच," व्यवस्थापक म्हणाला.

"त्याने काय बघितलं ते मला बघायचंय."

आत्या तिच्याबरोबर आत गेली. दार लागलं. मी कारकुनाजवळ बाहेर उभी होते. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. यंत्राची घरघर आणि रस्त्यावरची एक गाडी, एवढंच. थोड्या वेळाने कारकुनाने स्वतः होऊन दार उघडायला लावलं. त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा आत्याचा घसा बसला होता. त्या दोघी आत असेपर्यंत सगळा वेळ ओरडत होत्या आणि दार बुक्क्यांनी बडवत होत्या. शिडीच्या बायकोच्या हाताची कातडी सोलली होती. कारकुनाचा चेहरा उतरला. त्याने लिहिलं की बाहेर काही ऐकू आलं नाही, आणि खाली आपली सही केली.

कडी बसल्याशिवाय आत्या पुन्हा आत पाऊल टाकायला तयार होईना. व्यवस्थापक म्हणाला की सोमवारी बघू. ती एका उलट्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "मला घाई नाही. पायांना आहे." शेवटी सुटातल्या एकाने कोणालातरी फोन केला आणि मिस्त्री आला. कडी बसली, तिने ती स्वतः आतून उघडून बघितली, मग पाय टांगले.

एक भीती होतीच: कोणी मधेच थंडी वाढवली की पुढचं सगळं फसणार. आत्याने आपले तापमान टिपणारे डबे कोपऱ्यांत ठेवले आणि दाराबाहेर मुक्काम ठोकला. व्यवस्थापकाने सांगितलं की सुरक्षेच्या नियमाप्रमाणे बाहेरच्यांना इथे बसता येत नाही.

"सुरक्षेचा नियम?" आत्याने विचारलं. "आज दुपारी आला का तो?"

तो गेला. आत्या आणि शिडीची बायको दिवसा आळीपाळीने बसल्या. रात्रीला हमाल बसले, न बोलावता, सुट्टी असून. कोणाची नोकरी जाईल याचा हिशेब त्यांनी घरी काय केला असेल तो असो. गोदामात कोणी बोलून दाखवला नाही. शनिवारी मी चहाची किटली घेऊन गेले तेव्हा आत्या शिडीच्या बायकोकडून काज करायला शिकत होती. तिला मुळीच जमत नव्हतं.

"माणसाची मांडी कापतात," शिडीची बायको मला म्हणाली, "आणि काज कापता येत नाही यांना."

त्या मृत्यूनंतर ती पहिल्यांदा हसली असावी. आत्याही हसली आणि सुई बोटात टोचून घेतली.

रविवारी सकाळी मी दुसरे ताजे पाय आणून टांगले. सोमवारी तुकडे निघाले, खुणा पडल्या, मोहरा लागल्या. कंपनीने परगावचा एक नावाजलेला तज्ज्ञ नेमला होता. पंधरवड्याने दोघांना बोलावलं. आधी आत्याने सांगितलं की कुठल्या खुणेचे तुकडे कशाशी जुळतात. कारकुनाने पाकीट फोडून वाचलं. शुक्रवारचे पाय एकीकडे, रविवारचे पाय दुसरीकडे, एकही सरमिसळ नाही. आणि माणसाचा तुकडा शुक्रवारच्या पायांच्या बाजूला.

कंपनीचा तज्ज्ञ उठला. म्हातारा, ठेंगणा, हातात रुमाल. "मला यांनी बोलावलंय," तो वकिलाकडे बघत म्हणाला, "जाण्यायेण्याचीही सोय यांनीच केली. पण पट्टे मला बदलता येत नाहीत. बाईंचं बरोबर आहे."

कंपनीच्या वकिलाने तरी हार मानली नाही. त्याने आत्याला पुन्हा उभं केलं.

"तर मग सांगा, तो नेमका किती वाजता मेला?"

"सांगता येत नाही."

"दिवस तरी?"

"शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार दुपार."

"म्हणजे आपल्याला नक्की माहीत नाही."

"तास माहीत नाही. तो मी यांच्या वकिलांनी सांगूनसुद्धा दिला नाही, तुम्हाला कुठून देऊ? पण रविवार नाही, हे मला नक्की माहीत आहे. रविवारी सकाळी भिंत चढणारा कोणी असेल तर तो दुसरा. त्याला शोधा. हा तेव्हा मेलेला होता."

पहारेकऱ्याला पुन्हा बोलावलं. तो खाली मान घालून उभा राहिला आणि म्हणाला, "मला जेवढं सांगायला सांगितलं तेवढं मी सांगितलं." कोणी सांगितलं ते विचारल्यावर त्याने व्यवस्थापकाकडे बोट केलं.

निकाल मोठा होता, पण शिडीच्या बायकोने त्यातली दोनच वाक्यं पाठ केली. मृत्यू कामाच्या जागी, कामावर असताना दार बाहेरून बंद केल्यामुळे झाला. चोरीच्या आरोपाला कसलाही आधार नाही. त्या दोन वाक्यांची नक्कल घेऊन ती मुलीच्या शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकेला म्हणाली, "हे वर्गात मोठ्याने वाचा." मुख्याध्यापिका म्हणाली की अशी पद्धत नाही. "चोराची पोर म्हणायची पद्धत होती का?" तिने विचारलं. वाचलं गेलं.

व्यवस्थापकावर खटला झाला, मालकांवर नाही. ते दुखणं राहिलंच. आत्या त्याबद्दल शेवटपर्यंत कडू बोलायची. "फांदी तोडली, खोड तसंच," म्हणायची.

तिच्या वाट्यालाही काही हारतुरे आले नाहीत. मोठ्या डॉक्टरांना दाखला बदलावा लागला आणि त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. शवागारातून तुकडे येणं बंद झालं. पुढच्या वर्षी जागेची अडचण आहे म्हणून तिची प्रयोगशाळा काढून घेतली आणि सामान बाहेरच्या बोळात आणून ठेवलं. त्यांना वाटलं असेल की आता ही जाईल. ती बोळातच टेबल लावून बसली. विद्यार्थी बोळात उभे राहून शिकले. तपासणीला आलेल्या बाहेरच्या लोकांना त्या बोळातूनच जावं लागायचं, आणि प्रत्येकाला थांबवून ती पट्टे दाखवायची. तिसऱ्या तपासणीनंतर तिला खोली मिळाली. पहिलीपेक्षा लहान होती, पण खिडकी होती.

पुढे पोलीस स्वतःच तिच्याकडे यायला लागले. एकदा एक अधिकारी आला, संशयित पकडलेला, सगळ्या गावाला तोच गुन्हेगार ठाऊक. "फक्त चार ते सहा एवढं लिहून द्या, बाई, बाकी आमच्याकडे आहे." तिच्या पट्ट्यांवरून अख्खा दिवस निघत होता. तिने अख्खा दिवस लिहिला. संशयित सुटला. लोकांनी तिला काय काय म्हटलं, त्यातलं अर्धं माझ्या दुकानात येऊन म्हटलं. मी घरी जाऊन तिला विचारलं, तुला वाईट नाही का वाटत?

"वाटतं," ती म्हणाली. "तो सुटला याचंही वाटतं. पण शिडीच्या वेळी मी एक तास वाढवून दिला असता ना, तर आज माझ्या अख्ख्या दिवसाला कोणी काडीची किंमत दिली नसती."

शिडीच्या बायकोने काजं-बटणं सोडली नाहीत, पण दर महिन्याला एक दिवस ती संघटनेतर्फे गावातल्या गोदामांतून फिरू लागली. कायद्याने तिला तसा कुठलाच अधिकार नव्हता. ती दारात उभी राहायची आणि साहेबांना म्हणायची, "तुम्ही आत जा, मी बाहेरून दार लावते, तुम्ही उघडून दाखवा." सुरुवातीला आत्या तिच्याबरोबर जायची, नंतर गुडघ्यांमुळे जमेना. एका मालकाने म्हणे पोलीस बोलावले. पोलीस आले, त्यांनी तिला ओळखलं, आणि त्यांतल्या हवालदाराने मालकाला सांगितलं, "साहेब, जा ना आत. दोन मिनिटांचं तर काम आहे."

मालक गेला नाही. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं ठरवलं, आणि ती गेली.